आधी टप्पा ठरवा: ग्रीनभोवतीच्या छोट्या फटक्यांचा सराव

गोल्फच्या सरावाच्या ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे, थोडा वेळ नुसतं पाहत बसलं तर बहुतेकांचा सराव एकाच साच्यातला दिसतो. एक जागा, एक सँड वेज (चेंडू उंच उडवणारा तिरक्या फेसचा क्लब), पन्नास चेंडू. पहिले दहा वाया, मधले वीस बरे, शेवटचे वीस झकास. मग 'आज हात बसला' म्हणत बॅग उचलायची. कोर्सवर मात्र दर वेळी जागा नवी, गवत नवं, उतार नवा, आणि चेंडू एकच. तिथे वाट्याला येतो तो पहिल्या दहातलाच फटका.

छोट्या फटक्यात बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. चेंडूचा पहिला टप्पा कुठे पडायला हवा हे ठरवलेलंच नसतं. किंवा ठरवलेलं असतं, पण क्लब जमिनीला चुकीच्या जागी लागतो. खालचा सगळा सराव या दोन गोष्टींभोवती आहे. सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटवून वाचावं.

किती अचूक खेळायचं, याचा अंदाज आधी घ्या. पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूही ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे फटके) होल करतात, पण ३ फुटांवरून क्वचितच चुकतात. म्हणजे चिप (ग्रीनजवळून मारलेला बुटका, घरंगळणारा फटका) झेंड्याच्या ३ फुटांत थांबली तर पार, म्हणजे होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या, वाचला, ८ फुटांवर थांबली तर नाणेफेक. म्हणून सरावात होलमध्ये चेंडू घालण्याचा हट्ट सोडा. होलभोवती ३ फुटांचं वर्तुळ टींनी (चेंडू टेकवायच्या छोट्या खुंट्यांनी) आखा आणि तेच लक्ष्य धरा.

सोबत काय हवं

सहा चेंडू, दोन छोटे टॉवेल, मूठभर टी, एक वही. चेंडू तुम्ही सामन्यात वापरता तेच हवेत. सरावाच्या मैदानावरचे (रेंजवरचे) कडक चेंडू वेजवर फार कमी फिरकी घेतात. त्यांच्यावर बसवलेला अंदाज खऱ्या चेंडूला लागू पडत नाही. सहाहून जास्त चेंडू मुद्दाम नेऊ नका, कारण ढीग समोर असला की प्रत्येक फटक्याआधी विचार करणं थांबतं.

क्लब तीन-चार पुरेत: ८ किंवा ९ नंबरचं आयर्न, पिचिंग वेज, ५४ ते ५६ अंशांचा सँड वेज. ६० अंशांचा लॉब वेज असला तर असू द्या, पण सराव त्याने सुरू करू नका. वेजच्या तळाला दोन आकडे कोरलेले असतील तर मोठा लॉफ्टचा, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) किती मागे झुकलेला आहे त्याचा, आणि लहान बाउन्सचा. बाउन्स म्हणजे क्लबचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरलेला आहे तो कोन. ४ ते ६ अंश म्हणजे कमी, १० च्या वर म्हणजे जास्त. जास्त बाउन्सचा वेज मऊ जमिनीत आणि भुसभुशीत वाळूत रुतत नाही, सरकत जातो. कडक जमिनीवर मात्र तोच आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर बसते. अशा वेळी दोष हाताला दिला जातो, खरं तर क्लबची निवड चुकलेली असते.

टप्पा, मग क्लब

चेंडू शक्यतो ग्रीनवरच, काठापासून साधारण १ मीटर आत, सपाट जागी टेकवायचा. ग्रीनबाहेरचं गवत कुठे मऊ, कुठे कडक, त्यावर चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसतो, ग्रीनवर असतो. टप्प्याची जागा ठरली की हवेतलं अंतर आणि घरंगळण्याचं अंतर पावलांनी मोजा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. आलेला आकडा १२ मधून वजा केला की क्लब मिळतो. यात पिचिंग वेज १० आणि सँड वेज ११ धरतात.

समजा, चेंडू काठापासून २ मीटर बाहेर आहे आणि झेंडा काठापासून ८ मीटर आत. टप्पा १ मीटर आत धरला तर हवेत ३ मीटर, घरंगळत ७ मीटर. प्रमाण दोनाच्या थोडं वर. १२ उणे २ म्हणजे १०, पिचिंग वेज. झेंडा १४ मीटर आत असेल तर हवेत तेच ३, पण घरंगळायचं १३. प्रमाण चाराच्या पुढे, म्हणून ८ नंबर. उलट चेंडू ५ मीटर बाहेर आणि झेंडा ७ मीटर आत असेल तर हवेत ६ आणि घरंगळत ६, म्हणजे सँड वेज. पहिल्या दोन्ही उदाहरणांत स्विंग जवळजवळ तोच राहिला, बदलला तो क्लब. एकच वेज घेऊन दर वेळी वेगळ्या जोराने मारण्यापेक्षा हे खूप सोपं आहे.

हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा. चढावर एक नंबर खालचा क्लब घ्या, म्हणजे चेंडू जास्त पळेल. उतारावर एक पायरी जास्त लॉफ्टचा. बर्म्युडासारख्या गवतात पातींचा कलही पाहावा लागतो. गवत चमकदार दिसलं तर ते तुमच्यापासून पुढे झुकलेलं आहे, चेंडू पळेल. गडद, निस्तेज दिसलं तर ते अंगावर येणारं आहे. चेंडू लवकर थांबेल, आणि चिप मारताना क्लबची धारही त्यात अडकू शकते.

सूत्र पाठ करण्यापेक्षा स्वतःचा तक्ता बनवा. ग्रीनच्या सपाट भागात ३ मीटरवर टॉवेल पसरा. एकेका क्लबने पाच चेंडू टॉवेलवर टेकवा आणि तिथून ते किती पावलं गेले ते लिहा. टॉवेलवर न पडलेला चेंडू मोजायचा नाही. टॉवेलच्या कापडावर चेंडूचा वेग मरतो, म्हणून जागा लक्षात आली की टॉवेल काढून तिथे दोन टी रोवा आणि मग मोजा. तीन क्लबचा तक्ता अर्ध्या तासात होतो.

चिप

पाय जवळ, टाचांमध्ये एका क्लबहेडएवढंच अंतर. चेंडू मध्यावर किंवा किंचित उजवीकडे. वजनाचा साठ-सत्तर टक्के भार डाव्या पायावर, आणि तो फटका संपेपर्यंत तिथेच. ग्रिप ३ ते ५ सेंटिमीटर खाली धरा. हात चेंडूच्या जरासे पुढे, शाफ्टचं (क्लबच्या दांड्याचं) वरचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर. खांदे हलतात, मनगटं मऊ राहतात पण मुद्दाम मोडत नाहीत. मागे जितकं नेलं तितकंच पुढे.

चेंडू न ठेवता दहा वेळा नुसतं गवत घासा आणि आवाज ऐका. 'सर्र' असा हलका आवाज दर वेळी एकाच जागी यायला हवा. कुठे येतो ते कळण्यासाठी दोन टी अर्ध्या फुटाच्या अंतराने रोवा आणि त्यांना जोडणारी रेषा मनात धरा. क्लबने गवत त्या रेषेवर किंवा रेषेपुढे घासलं पाहिजे. चेंडू ठेवल्याशिवाय हे दहापैकी आठ वेळा जमत नसेल तर चेंडू ठेवून जमण्याची शक्यता नाही.

फॅट आणि थिन या चुका उलट वाटतात, पण बहुधा एकाच आईची लेकरं असतात. वजन उजव्या पायावर मागे रेंगाळलं, किंवा चेंडूला उचलून द्यायच्या नादात उजवं मनगट पुढे झटकलं, की स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. क्लब जमिनीत रुतला तर फॅट. जमिनीला चाटून वर येताना धार चेंडूच्या पोटावर बसली तर थिन. एकदा फॅट झाला की पुढच्या वेळी माणूस दचकून अंग वर उचलतो आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो. म्हणून 'खाली बघ, डोकं हलवू नकोस' या सल्ल्याचा उपयोग फारसा होत नाही. बिंदू पुढे आणणं हाच इलाज.

त्यासाठी दोन सराव. पहिला: उजव्या पायाची टाच उचलून फक्त बोटं टेकवा, सगळं वजन डाव्या पायावर, आणि वीस चिप मारा. मागे रेलायला जागाच उरत नाही. दुसरा: चेंडूच्या मागे १० ते १२ सेंटिमीटरवर टॉवेलची घडी ठेवा. टॉवेल न हलवता चेंडू गेला तर क्लब बरोबर कोनात उतरतो आहे.

या इलाजाचा अतिरेकही होतो. हात खूप पुढे आणि चेंडू पार उजव्या पायाशी घेतला की बाउन्स निघून जातो, नुसती धार जमिनीकडे राहते आणि क्लब कुदळीसारखा रुततो. मऊ जमिनीवर फॅट वाढले असतील तर आधी हे तपासा. चेंडूला चुकून एकाच स्ट्रोकमध्ये दोनदा क्लब लागला तर आता दंड नाही. २०१९ पासून तो एकच स्ट्रोक मोजतात.

पिच

१५ ते ५० मीटरच्या पट्ट्यात चेंडू उंच न्यायचा असतो, तिथे चिपची ताठ हालचाल कमी पडते. पाय थोडे लांब, चेंडू मध्यावर, हात चेंडूच्या अगदी किंचित पुढे. मागे जाताना मनगटं आपसूक वळू द्या. पुढे येताना छाती लक्ष्याकडे फिरली पाहिजे. छाती थांबली की हात एकटे धावतात आणि मनगटं झटकली जातात.

अंतरासाठी घड्याळाची पद्धत घ्या. डोकं १२ वर, चेंडू ६ वर अशी तबकडी समोर धरा. डावा हात मागे साडेसातवर, नऊवर आणि साडेदहावर थांबवायचा, असे तीन स्विंग. लय तिन्हीत तीच. प्रत्येक स्विंगने दहा चेंडू मारा, सर्वांत वाईट दोन सोडून द्या, उरलेल्या आठांचं हवेतलं सरासरी अंतर वहीत लिहा. घरंगळणं यात धरायचं नाही. तीन वेजचे नऊ आकडे मिळतात, आणि ५० मीटरच्या आतली बहुतेक अंतरं त्यांच्यात किंवा त्यांच्या अधेमधे बसतात.

पिच बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे क्लब गरजेपेक्षा जास्त मागे नेणं आणि खाली येताना घाबरून ब्रेक लावणं. मागे कमी, पुढे पुरतं, अशी सवय लावा. शँक होत असेल, म्हणजे चेंडू क्लबच्या मानेला लागून उजवीकडे उडत असेल, तर बहुतेक वेळा वजन पंजांवर जाऊन शरीर चेंडूकडे सरकलेलं असतं. चेंडूच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटरवर एक टी रोवा आणि ती न पाडता मारा.

गवत आणि उतार

रफमध्ये, म्हणजे लांब वाढलेल्या गवतात, पाती क्लबच्या मानेला गुंडाळतात आणि फेस डावीकडे मिटतो. म्हणून फेस आधीच थोडा उघडा, डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांची पकड घट्ट करा आणि क्लब जरा उभा खाली आणा. चेंडू आणि फेस यांच्यात गवत आल्याने फिरकी कमी मिळते. चेंडू नेहमीपेक्षा जास्त पळेल हे धरूनच टप्पा अलीकडे घ्या.

चढावर किंवा उतारावर उभे असाल तर खांदे जमिनीच्या उताराला समांतर ठेवा. चढाची जागा लॉफ्ट वाढवते, चेंडू उंच जाऊन लवकर थांबतो, म्हणून एक क्लब कमी लॉफ्टचा घ्या. उताराची जागा लॉफ्ट खाते: चेंडू खालून निघतो, लांब पळतो, आणि सावरायला जागा कमी मिळते. तिथे झेंड्याजवळ थांबण्याचा मोह सोडून ग्रीनच्या मोठ्या भागात चेंडू पोचवणं शहाणपणाचं.

चेंडू फ्रिंजवर, म्हणजे ग्रीनच्या काठालगत आहे, गवत कापलेलं आणि कोरडं आहे? पटर (पट मारायचा क्लब) घ्या. वाईट पटही बहुधा वाईट चिपपेक्षा जवळ थांबतो. क्रम असा: पट शक्य असेल तर पट, नाहीतर चिप, तीही नाही तर पिच. फेस सपाट उघडून चेंडू आकाशात उडवायचा फ्लॉप शेवटचा, आणि तोही चेंडूखाली गवताची गादी असेल तरच.

बंकर

बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. हा एकच फटका असा की त्यात क्लब चेंडूला लागायचाच नाही. क्लब वाळूला ढकलतो, वाळू चेंडूला बाहेर नेते. हे डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

आधी फेस उघडा, मग ग्रिप धरा. उलट केलं, म्हणजे ग्रिप धरून मनगट फिरवलं, तर फटक्याच्या वेळी फेस पुन्हा मिटतो आणि धार वाळूत खोल जाते. पाय थोडे डावीकडे वळवून रोवा. पाय खाली गेले तेवढी ग्रिपही खाली धरा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर, वजन जरा डावीकडे, गुडघे वाकलेले. क्लब चेंडूच्या ५ सेंटिमीटर मागे वाळूत शिरून चेंडूच्या पुढे बाहेर पडला पाहिजे. वाळू जोर खाते, म्हणून स्विंग त्याच अंतराच्या पिचच्या दुपटीहून मोठा लागतो, आणि तो पूर्ण करावाच लागतो. वाळूत क्लब सोडून देणारे बंकरमध्येच राहतात.

सरावाच्या बंकरमध्ये चेंडू न ठेवता सुरुवात करा. वाळूत दोन मीटरची सरळ रेष ओढा, ती पायांच्या मध्याच्या थोडी डावीकडे येईल असे उभे राहा आणि रेषेवरून वाळू उडवत एकेक पाऊल पुढे सरका. मागे राहिलेले खड्डे पाहा. ते रेषेपासून सुरू होऊन पुढे जात असतील आणि उथळ, तळहाताएवढे रुंद असतील तर ठीक. रेषेच्या मागे सुरू होत असतील तर वजन उजवीकडे आहे. खोल, अरुंद असतील तर फेस मिटलेला आहे. वीस-तीस खड्डे नीट पडू लागले की रेषेच्या ५ सेंटिमीटर पुढे चेंडू ठेवा आणि रेषेवरच मारा. अंतर बदलायचं तर खड्डा तोच ठेवून स्विंगची लांबी बदला.

वाळू ओली किंवा घट्ट असेल तर फेस कमी उघडा. नाहीतर बाउन्स उसळेल आणि चेंडू थेट समोरच्या भिंतीवर आदळेल. चेंडू वाळूत रुतलेला असेल तर फेस सरळ ठेवा, क्लब उभा खाली मारा आणि पुढचा स्विंग लांब होण्याची वाट पाहू नका. अशा चेंडूला फिरकी मिळत नाही, तो बराच पळतो. सराव-बंकरमधली रेष खऱ्या फेरीत ओढता येत नाही: सरावाच्या स्विंगमध्ये, क्लब मागे नेताना किंवा चेंडूच्या लगेच मागे-पुढे क्लबने वाळूला स्पर्श केला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोकचा दंड आहे. म्हणून चेंडू ठेवल्यानंतरचे सगळे फटके क्लब हवेत धरूनच सुरू करण्याची सवय लावा. निघताना वाळू सारखी करायला विसरू नका.

तासाभराची आखणी

पहिली पंधरा मिनिटं तंत्राची: एकाच जागेवरून, टॉवेल आणि टी वापरून. इथे एकच फटका पुन्हा पुन्हा मारणं योग्य आहे, कारण हालचाल बसवायची आहे. पुढची पंधरा मिनिटं टप्प्याची: सहा चेंडू, दर चेंडूला वेगळा क्लब किंवा वेगळं अंतर, लागोपाठ दोन फटके सारखे नाहीत. हात गोंधळतो, आकडे घसरतात. घसरू द्यात, कोर्सवर हेच घडतं.

उरलेला अर्धा तास एकच चेंडू आणि पटर. ग्रीनभोवती नऊ जागा निवडा: तीन सोप्या, तीन मध्यम, तीन वाकड्या, त्यात एक बंकरमधली. प्रत्येक जागेचा पार दोन, म्हणजे एक चिप आणि एक पट, एकूण १८. प्रत्येक चेंडू होलमध्ये पडेपर्यंत खेळा, हाताने उचलून 'दिला' म्हणायचं नाही. फटक्याआधी चेंडूमागे उभे राहून टप्प्याची जागा बोटाने दाखवा, मगच क्लब काढा.

सराव फेरीच्या मधेही थोडा होऊ शकतो. नियमांनुसार दोन होलांच्या मध्ये, नुकत्याच संपलेल्या होलच्या ग्रीनजवळ किंवा पुढच्या टीजवळ चिप-पट मारता येतात. बंकरमधून नाही आणि खेळ खोळंबणार नाही इतकंच. स्पर्धा-समिती याला बंदी घालू शकते, तेव्हा आधी विचारा. काही क्लबांत सरावाच्या ग्रीनवर चिपिंगलाच मनाई असते. पिचने पडलेले खड्डे दुरुस्त करताना कडा मध्याकडे ढकला; तळ वर उचकटला तर मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग राहतो.

वहीत नऊ ओळी आणि चार रकाने पुरतात: जागा, क्लब, झेंड्यापासून उरलेलं अंतर, पट. चार-पाच वेळा खेळून झाल्यावर रकाने उभे वाचा. चेंडू सतत कमीच पडत असतील तर टप्पा एक पाऊल पुढे घ्या. कधी खूप कमी, कधी खूप जास्त असं दिसत असेल तर क्लबची निवड नाही, जमिनीला लागण्याची जागा चुकते आहे. पुन्हा दोन टी आणि गवत घासणं. आणि चेंडू ३ फुटांत थांबूनही पट दोन लागत असतील तर पुढच्या वेळी वेज बॅगेतच ठेवून तासभर ३ फुटांचे पट मारा.